तुम्ही विचारलंत म्हणून: दुकानातला फिडलर खेकडा घरी का जगत नाही?

"दुकानात तर तो गोड्या पाण्यातच होता. मग घरी आणल्यावर महिना-दीड महिन्यात मेला कसा?" फिडलर खेकड्यांबद्दल सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. उत्तर कडू आहे: दुकानातही तो मरतच होता, फक्त सावकाश.

फिडलर म्हणजे एक छोटा खेकडा, ज्याच्या नराची एक नांगी दुसरीपेक्षा खूप मोठी असते. त्याच्या सुमारे 100 जाती आहेत आणि त्यांचा संसार भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, खाड्यांच्या आणि खारफुटीच्या चिखलात चालतो. गोड्या पाण्यात टाकला की त्याच्या अंगातले क्षार सतत पाण्यात झिरपतात आणि कल्ल्यांना ते परत ओढून घेत बसावं लागतं. हे तो काही आठवडे निभावतो, खातो, पितो, नांगीही हलवतो, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. गाडं अडतं ते कात टाकताना. त्या वेळी ताकद लागते आणि नवं कवच कडक व्हायला कॅल्शियम लागतं. नेमक्या त्याच दोन गोष्टी शिल्लक नसतात. अर्धवट कात टाकलेला मेलेला खेकडा दिसला, तर आधी पाण्यावर संशय घ्या.

पाणी मचूळ हवं, म्हणजे गोड्यापेक्षा खारं, पण समुद्राइतकं नाही. लिटरमागे 12 ग्रॅम सागरी मीठ, म्हणजे रीफ टँकसाठी (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी) मिळतं ते मिश्रण. हायड्रोमीटरवर (पाण्याची घनता मोजायच्या उपकरणावर) 1.008 ते 1.010 दिसायला हवं. जेवणातलं मीठ चालत नाही, आणि 'ॲक्वेरियम सॉल्ट' म्हणून मिळणारं पाकीटही बहुतेकदा नुसतं सोडियम क्लोराइडच असतं. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम नसतं. मीठ आदल्या दिवशी बादलीत, क्लोरीन काढलेल्या पाण्यात विरघळवा आणि एअर स्टोन (हवेच्या नळीच्या टोकाचा बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेवा. टाकीत खेकडे असताना वरून मीठ भुरभुरवू नका.

इथेच आणखी एक घोळ होतो. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. पातळी उतरली की लोक पुन्हा खारं पाणी ओततात आणि दोन महिन्यांत टाकी समुद्र होते. काचेवर मार्करने रेघ मारून ठेवा. रेघेपर्यंतची भर क्लोरीन काढलेल्या गोड्या पाण्याने घालायची. पाणी बदलताना मात्र मोजून मीठ घातलेलं.

60×30×30 सेंटीमीटरची टाकी एका नराला आणि दोन-तीन माद्यांना पुरते. दोन नर ठेवायचे तर जागा वाढवा, नाहीतर रोज कुस्ती. 25 सेंटीमीटर लांबीत जमीन करा: बारीक वाळू 15 सेंटीमीटर उंच, पाण्याच्या बाजूने दगडांचा बांध. उरलेल्या तळाशी 2 सेंटीमीटर वाळू आणि 12 सेंटीमीटरपर्यंत पाणी. वाळू भिजायला धरून 15 लिटर पाणी लागतं, म्हणजे 180 ग्रॅम मीठ. दगड थेट काचेवर टेकवा आणि मग वाळू भरा. वाळूवर ठेवलेल्या दगडाखाली खेकडा बीळ खणतो आणि दगड त्याच्याच डोक्यावर बसतो. चढायला तिरका दगड किंवा लाकूड हवंच. हवेतही त्याला कल्ले ओले ठेवूनच श्वास घेता येतो, पण कायम पाण्यात कोंडून ठेवायचा हा प्राणी नव्हे.

पाणी उथळ असल्यामुळे मागे टांगायचा फिल्टर बिनकामाचा. स्पंज फिल्टर (हवेच्या पंपावर चालणारा, पाणी स्पंजातून गाळणारा) लावा. हीटर आडवा, पूर्ण बुडालेला, 24 ते 28 अंशांवर. खेकडे आणण्याआधी टाकी चार ते सहा आठवडे चालवा. पाण्यातली अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही विषारी द्रव्यं तपासणीत शून्यावर आली की मगच खेकडे. नंतर आठवड्याला 3 लिटर पाणी बदला. माशांच्या औषधात तांबं असेल तर ते या टाकीच्या आसपासही नको.

खाणं थोडकं: बुडणारी गोळी कुस्करून, माणशी (खेकड्याशी म्हणा) एक, दिवसाआड. मधूनमधून ब्लडवर्म (माशांच्या खाद्यात मिळणाऱ्या लाल अळ्या) किंवा शेवाळाची वडी. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढा. नर जेवताना बघण्यासारखा असतो. मोठी नांगी जेवणाच्या उपयोगाचीच नाही, ती मिरवायला आणि भांडायला. धाकट्या नांगीने चिमूट चिमूट वाळू तोंडात घालतो, खाण्याजोगं चाळून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून खाली टाकतो. मादी दोन्ही नांग्यांनी जेवते.

खेकडा खाणं सोडून दडून बसला, तर बहुधा कात टाकायची तयारी आहे. उकरू नका. मग एक दिवस टाकीत "मेलेला" खेकडा दिसतो. फेकण्याआधी नीट पाहा: मागच्या बाजूने उकललेला, हलका, आतून पोकळ आणि डोळ्यांच्या जागी पारदर्शक टोप्या असतील तर ती कात आहे. मेलेला खेकडा जड लागतो आणि काही तासांत घाण वास सोडतो. कात टाकीतच राहू द्या. तो ती खाऊन कॅल्शियम परत मिळवतो. तुटलेली नांगीही पुढच्या कातींसोबत हळूहळू येते.

मादीच्या पोटाखाली अंडी दिसली तरी पिल्लांची आशा धरू नका. अळ्यांना जास्त खारं पाणी आणि प्लवकांचं (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचं) खाद्य लागतं. घरच्या टाकीत त्या टिकत नाहीत.

झाकण घट्ट हवं. हीटरची वायर आणि हवेची नळी या त्याच्या शिड्याच. त्यांच्या भोकात स्पंज कोंबा. तरीही एखादा पळालाच, तर रात्री भिंतीकडेला ओलं फडकं पसरून ठेवा. ओलाव्याच्या ओढीने तो तिथे येण्याची शक्यता असते. सापडला की टाकीतल्याच पाण्याने धूळ धुवा आणि त्याला वाळूवर ठेवा. पाण्यात कधी उतरायचं ते त्याचं तो ठरवेल.