मनिऑर्डरची कुपने

साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकाच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतनासाठी जी कागदपत्रे येतात, त्यांत बहुधा काहीतरी अडते. पत्नीचे नाव सैन्यातून निवृत्त होताना मिळणाऱ्या डिस्चार्ज बुकात एक आणि आधार कार्डावर दुसरे, जन्मतारीख अंदाजाने टाकलेली. मग प्रतिज्ञापत्र, बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार आणि तोवर घरात ओढाताण. म्हणूनच पाटण तालुक्यातील एका दिवंगत हवालदारांच्या पत्नी मुलासह आल्या आणि त्यांच्या फायलीत काहीच कमी नाही असे दिसले, तेव्हा मी सारे कागद पुन्हा एकदा तपासले. मराठा लाइट इन्फंट्रीतून 1980 साली निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी पत्नीच्या नावातील फरक हयातीतच दुरुस्त करून घेतला होता, संयुक्त छायाचित्राच्या जादा प्रती काढून ठेवल्या होत्या आणि प्रत्येक पाकिटावर आत काय आहे व ते कोणाला दाखवायचे, हे शाईने लिहून ठेवले होते.

फायलीखाली सुतळीने बांधलेला एक गठ्ठा होता. मनिऑर्डरच्या फॉर्मचा खालचा भाग पोस्टमन फाडून पैसे घेणाऱ्याच्या हाती देत असे आणि त्यावर चार ओळींच्या निरोपापुरती जागा असे. नोकरीभर पाठवलेल्या पैशांची ही कुपने आजींनी जपली होती. कामाच्या दृष्टीने त्यांचा उपयोग शून्य. तरीही मी ती वाचत बसलो.

11 डिसेंबर 1967 च्या कोयनेच्या भूकंपानंतरच्या कुपनावर मजकूर होता, ‘पडकी भिंत मजूर लावून बांधून घ्या. तुम्ही दगड उचलू नये. म्हशीची पेंड बंद करू नका.’ 1972 च्या दुष्काळात गावोगावच्या बायका खडी फोडायला जात होत्या, तेव्हाचे कुपन त्याहून तुटक होते: ‘कामावर जाऊ नये. दहा रुपये जास्त पाठवले आहेत.’ मात्र जानेवारी 1972 च्या कुपनावरचे अक्षर वेगळे दिसले. डिस्चार्ज बुकात ‘पूर्वी स्टार’ या पदकाची नोंद होती, म्हणजे बांगलादेशच्या लढाईत ते पूर्व आघाडीवर होते. कुपनावर त्याबद्दल एक शब्द नाही, फक्त थोरलीला शाळेत घातले का, एवढी चौकशी. आजी म्हणाल्या, “हाताला लागलं हुतं. दुसऱ्याकडनं लिवून घ्येतलं. आमास्नी सुट्टीवर आल्यावर कळलं.”

“मग वाचून कोण दाखवायचं?”

“मास्तर. त्यामुळं आमच्यात किती पैसं आलं, ते समद्या आळीला ठावं व्हायचं!”

पहिल्या महायुद्धात याच जिल्ह्यातील अपशिंगे गावचे 46 जवान कामी आले. त्यांची स्मृतिशिला गावात आहे आणि ती असायलाच हवी. पण जे परतले, ज्यांनी पुढे कारखान्यावर रात्रपाळीची राखण करून मुलींची लग्ने केली आणि दोन एकर बागायत केली, त्यांच्याविषयी शोकसभेत ‘शूर’ आणि ‘शिस्तप्रिय’ यांपलीकडे कोणी फारसे बोलत नाही. शिस्त म्हणजे नेमके काय, ते मला त्या गठ्ठ्यात दिसले. एवढ्या वर्षांत ‘तुझी आठवण येते’ असे एकाही कुपनावर नव्हते, हेही खरे, आणि आजींनी ते बोलूनही दाखवले.

अर्जावर सहीची वेळ आली तेव्हा मी सवयीने शाईचा पॅड पुढे केला. आजींनी तो बाजूला सारून सावकाश, जोडाक्षरासह पूर्ण नाव लिहिले. निवृत्त होऊन घरी आल्यावर पहिल्या पावसाळ्यात मालकांनी शिकवले म्हणे. कुपने अर्जाला जोडायची का, असे मुलाने विचारले. गरज नाही म्हटल्यावर त्यांनी ती स्वतःच्या पिशवीत घातली आणि पेन्शन महिन्याच्या कोणत्या तारखेला जमा होईल, ते मला विचारून घेतले, कारण जून महिन्यात नातीची फी आणि सोयाबीनचे बियाणे एकदमच येते.