सीट दुसऱ्या गाडीची

गाडी घेताना माणूस काय काय बघतो. इंजिन किती सीसीचं, ॲव्हरेज काय, डिकी केवढी, स्क्रीन किती इंचाची, आणि सीटवर मात्र शोरूममधे दोन मिनिटं टेकून, स्टीअरिंग हातात धरून, "मस्त आहे" म्हणून उतरतो. पाठीला कोणी विचारतच नाही. आणि पाठ पण अशी डांबिस, की तेव्हा ती गप्प बसते, बोलते ती तीन तास सलग गाडी चालवल्यावर, तोपर्यंत गाडी नावावर झालेली असते आणि हप्ते सुरू झालेले असतात.

मग सुरू होतात उपाय. कमरेमागे उशी, मग मण्यांचं कव्हर, मग जेलवाली गादी, मग टॉवेलची गुंडाळी. हे सगळं करून झालं की एक दिवस आपण कुणाच्या तरी दुसऱ्याच गाडीत बसतो आणि बसल्या बसल्या मांडीखाली, कमरेला, खांद्याला बरोब्बर जिथे पाहिजे तिथे आधार लागतो, आणि डोक्यात किडा शिरतो. गाडी बदलायची नाहीये, बाकी सगळं आवडतंय तिचं, फक्त ही सीट आपल्या गाडीत आली तर? माझ्याही डोक्यात तो असाच शिरला आणि शेवटी माझ्या जुन्या हॅचबॅकमधे पुढच्या दोन सीट दुसऱ्याच मॉडेलच्या बसवूनच निघाला.

हे काही आपल्यालाच सुचलेलं खूळ नाही हां. जगभर लोक करतात. माझदाची एमएक्स-५ ही टू-सीटर १९८९ मधे आली, ती गाडीच मुळात चिंचोळी आणि बुटकी, त्यामुळे तिच्या सीटही अंगाला बेतून शिवल्यासारख्या, आणि म्हणून जुन्या मिनीवाल्यांचा त्यांच्यावर भारी डोळा असतो. होंडाच्या इंटेग्रा टाइप आरमधल्या रेकारो सीट काढून सिव्हिकमधे घालणाऱ्यांचा तर एक वेगळा पंथच आहे. रेकारोचं मूळ म्हणजे जर्मनीतला रॉयटर नावाचा बॉडी बनवणारा कारखाना, पोर्शेच्या बॉड्या तो करायचा, १९६३ मधे पोर्शेने ते बॉडीचं काम विकत घेतलं आणि उरलेल्यांनी नुसत्या सीट बनवायला घेतल्या, १९६५ मधे तर त्यांनी फ्रँकफर्टच्या मोटर शोमधे गाडीपासून सुटी स्पोर्ट सीटच मांडली. म्हणजे कंपनीने दिलेली सीट पटत नाही म्हणून दुसरी शोधणारे लोक तेव्हाही होते.

सगळ्यात सोपं प्रकरण घरातल्या घरात, म्हणजे फोक्सवॅगनसारख्या एकाच समूहाच्या गाड्यांत. चौथ्या पिढीची गोल्फ, पहिली ऑक्टाविया, पहिली लिऑन, ऑडीची पहिली ए-३, या सगळ्यांचा खालचा सांगाडा एकच, त्यामुळे सीटची अदलाबदल बरीच सरळ होते. तरी गोम असतेच. तीन दारांच्या गाडीची पुढची सीट मागे माणूस शिरावा म्हणून पुढे कलंडते, पाच दारांच्या गाडीत त्याची गरज नसते, त्यामुळे लिव्हर, पाठीची ठेवण, सगळं थोडं वेगळं निघतं.

सीट काढणं हे काम मात्र मला फार आवडतं. आधी बॅटरीची वायर काढायची आणि मॅन्युअलमधे सांगितलेली मिनिटं गप्प थांबायचं, कारण एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमधे बॅटरी काढल्यावरही थोडा वेळ चार्ज शिल्लक राहतो. ही वाट बघायची मिनिटं लोक हमखास खातात, खाऊ नयेत. मग सीट पूर्ण मागे सरकवून पुढचे दोन बोल्ट, पूर्ण पुढे सरकवून मागचे दोन. पॉवर सीट, म्हणजे मोटरने सरकणारी, असेल तर हे सरकवणं बॅटरी काढायच्या आधीच उरकायला लागतं, नाहीतर मग बसा बघत. बोल्टवर प्लॅस्टिकची टोपी असते, ती काढताना एक तरी कान तुटतोच. आत टॉर्क्सचं चांदणीसारखं तोंड, आणि कंपनीने असे काही आवळलेले असतात की लांब दांड्याचा पाना लावून अंगाचं वजन टाकल्यावर कुठे 'कट्' असा आवाज येऊन पहिला सुटतो. तो आवाज आला की बरं वाटतं.

मग सीट मागे कलंडवायची आणि खाली वाकून बघायचं. कार्पेटचा खरा रंग तिथे दिसतो, नवी गाडी असतानाचा. नाणी, पेनाचं टोपण, केसाची पिन, गोळीचा चिकट कागद, कुठून पडला हे कुणालाच सांगता येणार नाही असा एक वॉशर. आणि मधे वायरींचा जुडगा, त्यात एक पिवळा कनेक्टर. पिवळा म्हणजे एअरबॅगच्या लायनीतला, त्याच्याशी खेळ नाही. तो सुटा असताना चावी फिरवली की गाडी लगेच फॉल्ट नोंदवते आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो, पुढे कनेक्टर परत लावला तरी बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावून कोड पुसल्याशिवाय तो जात नाही. आणि साधा मल्टीमीटर लावून एअरबॅगचा रेझिस्टन्स मोजायची हौस तर अजिबात करू नये, मीटरचा जरासा करंटसुद्धा आतला बार उडवू शकतो.

इथपर्यंत सगळं सोपं. दुसरी सीट उचलून आत ठेवली की खरी गंमत कळते. आपल्याला वाटतं गाडीचा फ्लोअर सपाट असतो आणि सीट चार भोकांवर उभी असते. कुठला सपाट! आतल्या बाजूला मधला बोगद्यासारखा उंचवटा, बाहेरच्या बाजूला दाराचा उंबरठा, पुढे आडवी पट्टी, मागे खोलगट, आणि चार बोल्ट चार वेगवेगळ्या उंचीवर. त्यामुळे सीटचे पाय पण त्या त्या फ्लोअरसाठी वाकवलेले असतात, एक आखूड, एक लांब, एक तिरका. सीट म्हणून आपण जे विकत आणतो ती अर्धीच सीट असते, उरलेली अर्धी त्या दुसऱ्या गाडीच्या फ्लोअरमधे राहिलेली असते. टेप घेऊन मोजलं तर सीट ज्यांच्यावरून पुढेमागे सरकते त्या दोन रेलमधलं अंतर एक सेंटीमीटरने कमी किंवा जास्त, आणि तो एक सेंटीमीटर पुढचे सगळे रविवार खातो.

चांगला रस्ता म्हणजे नवी सीट जुन्या रेलवर चढवायची, म्हणजे फ्लोअरचे बोल्ट, भोकं, सगळं मूळचंच राहतं. पण हा सुद्धा चांगला कधी, जर नव्या सीटची फ्रेम त्या रेलवर नीट बसण्यासारखी असेल तर. नाहीतर मधे ब्रॅकेट. आणि ब्रॅकेट म्हटलं की लोक जी काही पट्टी हाताला लागेल ती वेल्डिंग करून मोकळे होतात, तिथे मला राग येतो. अमेरिकेच्या २०७ नंबरच्या सुरक्षा नियमात सीटच्या पकडीने सीटच्या वजनाच्या वीसपट जोर पुढे आणि मागे सहन केला पाहिजे असं आहे. म्हणजे २० किलोची सीट धरली तर ४०० किलो, आणि हे फक्त सीटचं झालं. सीटबेल्टच्या पट्ट्याचं बकल बऱ्याच गाड्यांत सीटलाच बोल्टने लावलेलं असतं, त्यामुळे गाडी धडकली की बसलेल्या माणसाचा झटका पट्ट्यातून बकलमधे, बकलमधून रेलमधे आणि रेलमधून त्या चार बोल्टांत जातो, आणि तो झटका टनांत मोजायचा असतो. कंपनीने त्या बोल्टांचे नट जाड पत्र्याच्या आधारावर वेल्ड केलेले असतात. आपण बाजूला नवं भोक पाडलं तर तिथला पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा, बोल्ट त्यातून कागद फाडावा तसा निघून येईल. पाडायचंच असेल भोक, तर खालून रुंद जाड प्लेट पाहिजे, आणि हे काम ज्याला खरंच कळतं त्याच्याकडूनच. यात कंजुषी करणाऱ्याच्या शेजारी मी बसणार नाही.

बकल शक्य तिथे आपल्याच गाडीचं ठेवावं. आपल्या पट्ट्याची जीभ दुसऱ्या कंपनीच्या बकलमधे बसेलच असं नाही, आणि कधीकधी बसल्यासारखी वाटते, ते तर जास्त वाईट.

उंचीचा मुद्दा लोकांच्या उशिरा लक्षात येतो. गाडी डिझाईन करताना बसलेल्या माणसाच्या खुब्याचा एक बिंदू धरतात, एच-पॉइंट म्हणतात त्याला, आणि काच कुठे, आरसा कुठे, पेडल किती लांब, पट्टा खांद्यावर कुठून येणार, हे सगळं त्या बिंदूवरून ठरतं. आता ब्रॅकेटने सीट तीन बोटं वर आली की हा बिंदू वर सरकला, डोकं छताला, गुडघे स्टीअरिंगला, आणि पुढचा सिग्नल बघायला मान वाकवायची. सीट दोन बोटं दाराकडे सरकली तर आणखी मजा, कारण स्टीअरिंग मधोमध राहत नाही आणि ज्या कमरेसाठी एवढा घाट घातला तीच कंबर आता रोज थोडी पिळली जाते. म्हणून बोल्ट आवळायच्या आधी नुसत्या ठेवलेल्या सीटवर निवांत बसून बघायचं, क्लच पूर्ण दाबून बघायचं, आरशात बघायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल हा वेडा बंद गाडीत बसून काय चालवतोय, वाटू दे.

वायरिंगचं म्हणाल तर गाडी जितकी जुनी तितकं सुख. जुन्या पॉवर सीटला नुसता बारा व्होल्टचा करंट, फ्यूज आणि अर्थिंग दिलं की सरकतात बिचाऱ्या. नव्या सीटमधे स्वतःचं मॉड्यूल असतं, ते आधी गाडीशी बोलणार, गाडीने ओळख दिली नाही तर ढिम्म हलणार नाही. गरम होणाऱ्या सीटचं तसं बरं आहे, कॅडिलॅकने १९६६ मधे दिल्या तेव्हापासून तत्त्व तेच, कापडाखाली तापणारा थर, त्याला रिले आणि फ्यूज घालून वेगळी लाइन देता येते.

खरी पंचाईत एअरबॅगची. व्होल्वोने १९९४ मधे ८५० मॉडेलला साइड एअरबॅग दिली ती सीटच्या पाठीच्या कडेला, आणि आता कितीतरी गाड्यांत ती तिथेच असते. त्या बाजूची शिलाई मुद्दाम कमी ताकदीच्या दोऱ्याची असते, वेळ आली की तिथूनच उसवावी म्हणून, त्यामुळे वरून जाडजूड कव्हर चढवणं पण धोक्याचंच. शेजारच्या सीटमधे माणूस बसलाय की लहान मूल हे ओळखणारा सेन्सर असतो आणि बऱ्याच गाड्यांत तो त्याच सीटच्या त्याच फोमवर जुळवलेला असतो, फोम बदलला की त्याचा अंदाज चुकणार. यावर लोकांचा जुगाड असा, की पिवळ्या कनेक्टरमधे एक रेझिस्टर खोचायचा, की दिवा विझला. दिवा विझतो हो, पण त्या बाजूला एअरबॅगच नाहीये हे मग गाडीलाही कळत नाही आणि उद्या ती गाडी विकत घेणाऱ्यालाही. सीट बदलायची तर एअरबॅग-पूर्व काळातली गाडी घ्यावी किंवा त्याच कुळातली, त्याच पार्ट नंबरच्या एअरबॅगची सीट शोधावी, असं माझं स्पष्ट मत. शिवाय हे बदल कितपत चालतात याचे नियम देशोदेशी वेगळे, विमावाल्याला आधी विचारलेलं बरं.

एक गोष्ट मात्र कौतुकाची. साबने १९९७ च्या ९-५ मधे असा हेडरेस्ट दिला की मागून धडक बसली की माणसाची पाठ सीटमधे रुतते, त्या दाबाने आतली लिव्हर हलते आणि हेडरेस्ट पुढे येऊन मानेला धरतो. वायर नाही, सेन्सर नाही. असं काही बघितलं की अभियंत्याला हात जोडावेसे वाटतात.

सीट बहुधा भंगारात निघालेल्या गाडीचीच मिळते, म्हणजे वापरलेली. दुसऱ्याची रोजची चप्पल पायात घालावी तसं पहिले काही दिवस होतं, फोममधे त्या अनोळखी माणसाचा खड्डा असतो. तो माणूस कसा उतरायचा हेसुद्धा कळतं, कारण दाराच्या बाजूचा फुगवटा उतरता-चढता घासून चपटा झालेला असतो. शेजारची सीट मात्र बहुतेक वेळा नव्यासारखी. ज्या सीटचा खालचा फोम दोन्ही बाजूंना सारखाच असतो त्यात लोक ड्रायव्हरचा आणि शेजारचा फोम आपसात बदलून टाकतात, कव्हर काढायचं, आतल्या तारेच्या कड्या कापायच्या, नव्या कड्या पक्कडीने दाबायच्या. बोटं सोलून निघतात पण काम झकास होतं. धडकलेल्या आणि पुराच्या पाण्यात बसलेल्या गाडीची सीट मात्र फुकट दिली तरी नको. एकीची रेल वाकलेली असू शकते, दुसरीचे कनेक्टर आतून गंजलेले असतात आणि वास जन्मभर जात नाही.

बरं, एवढं करून मिळतं काय? माझ्या गाडीचं इंजिन तेच, टायर तेच, सस्पेन्शन तेच, आणि तरी वळणावर गाडी जास्त शहाणी वाटायला लागली. आधीच्या चपट्या सीटवर वळण आलं की मी नकळत स्टीअरिंगला लटकायचो, गुडघा दारावर दाबायचो. आता बाजूचे फुगवटे धरतात म्हटल्यावर हात फक्त स्टीअरिंग फिरवायला मोकळे राहिले. बाकी मागच्या सीट करड्या आणि पुढच्या काळ्या, त्यामुळे आत बसणारा प्रत्येक जण आधी हसतो. नव्या सीटची पाठ जाड, म्हणून मागच्या माणसाचे गुडघे टेकतात, त्यांची तक्रार रास्त आहे, पण गाडी मी चालवतो.

काढलेल्या जुन्या सीट टाकून देऊ नयेत. गाडी विकायच्या वेळी घेणारा मूळच्या सीट मागतोच, निदान किंमत पाडायला तरी. काही जण त्यांना खाली चाकं लावून कॉम्प्युटरपुढची खुर्ची करतात, माझाही विचार होता, पण मग आठवलं की ज्या सीटवर तीन तास बसवत नाही म्हणून काढली तिच्यावर रोज आठ तास बसायचं. तुम्हाला करायचीच असेल तर कडेची एअरबॅग आधी जाणकाराकडून काढून घ्या, सीट गाडीतून बाहेर आली म्हणून ती निकामी होत नाही.