रतीब

दुधाचा असतो तसा माझा फोटोंचा रतीब आहे. रोज एक. पाऊस असो, पाहुणे असोत, अंगात ताप असो, रात्री बाराच्या आत माझा फोटो गटावर पडायला हवा. नियम दोनच. फोटो निसर्गातला हवा आणि त्याच दिवशी काढलेला हवा. चांगला हवा असं कुठेही म्हटलेलं नाही, आणि माझ्यासारखीचा निभाव लागला तो त्यामुळेच.

गटात आम्ही तीस-चाळीस जण आहोत. बहुतेकांनी एकमेकांना पाहिलेलंही नाही. पण कुणाच्या खिडकीतून कुठलं झाड दिसतं, त्याला पालवी कधी फुटते, त्यावर कावळे कधी भांडतात, हे सगळ्यांना पाठ आहे. खरी नावं केव्हाच मागे पडली. मुंग्यांशिवाय कशाचाही फोटो न काढणारे ते मुंगीकाका, सदानकदा मान वर करून चालणाऱ्या त्या ढगताई, आणि चुका काढणारे ते मास्तर. माझं नाव काय पडलंय ते मला कुणी सांगितलेलं नाही, म्हणजे ते फारसं बरं नसणार.

सुरुवातीचे पंधरा दिवस मी सूर्यास्तावर काढले. नवशिक्याला सूर्यास्तासारखा आधार नाही. मावळतीच्या किरणांना हवेच्या फार जाड थरातून यावं लागतं, वाटेत निळा रंग इकडेतिकडे विखुरतो आणि तांबडा-केशरी तेवढा आपल्यापर्यंत पोचतो. म्हणजे सगळं काम हवाच करते. मी फक्त फोन आडवा धरत होते. तरी मंडळी रोज ‘वा!’ म्हणायची आणि मला ते खरं वाटायचं.

सोळाव्या दिवशी आभाळ गच्च भरलं. सूर्य मावळला की नाही याचाही पत्ता लागेना. रतीब तर घालायचा होता. मग दारातल्या जास्वंदीच्या कुंडीपुढे उकिडवी बसले आणि हाताला लागलं त्या पानाचा खालून फोटो काढला. शिरा, शिरांच्या जाळीत एक भोक, भोकाच्या कडेने वाळलेली तपकिरी रेघ. बस. सूर्यास्तांना ‘वा’ मिळायचा, या पानाला प्रश्न आले. भोक कुणी पाडलं? कडेने खात आलंय की मधूनच सुरुवात केलीय? कालच्यापेक्षा वाढलंय का? मला एकाचंही उत्तर येत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी तोंड धुवायच्या आधी मी त्या पानापाशी जाऊन उभी होते.

तेव्हापासून माझी पातळी खालावली. अगदी शब्दशः. मी गवतात, गुडघ्यांवर सापडू लागले.

गवताच्या पात्याच्या टोकावर पहाटे पाण्याचा थेंब असतो. लांबून तो नुसता चमकतो. जवळ जाऊन, अगदी नाक लावून पाहिलं तर त्याच्या पोटात सगळं जग उलटं टांगलेलं दिसतं. आभाळ खाली, झाड वर. थेंब म्हणजे एक इवलंसं भिंगच. पण ते टिपायचं म्हणजे परीक्षा. इतक्या जवळून फोटो घेताना जेमतेम काही मिलिमीटरांचा पट्टा स्पष्ट येतो. फोन थेंब सोडून मागचं पातं पकडतो. पुन्हा थेंबावर बोट टेकवावं तर श्वासाने पातं हलतं. श्वास रोखला तर हात हलतो. एका सकाळी बावीस फोटो काढल्यावर एकात ते उलटं झाड नीट उतरलं आणि मी ऐटीत खाली लिहिलं, ‘दवबिंदू’.

मास्तरांचं उत्तर आलं, ‘फोटो छान. पण हे दव नसावं.’

दव हवेतल्या बाष्पाचं. ते पडतं तेव्हा पात्यावर सगळीकडे बारीक बारीक पडतं. प्रत्येक पात्याच्या नेमक्या टोकावर एकेक टपोरा थेंब बसलेला असेल तर तो बहुतेक वेळा आतून आलेला असतो. रात्री पानांची छिद्रं मिटलेली असतात, पाणी उडून जात नाही. इकडे ओल्या मातीतून मुळं पाणी घेतच राहतात. मग दाब वाढतो आणि पानाच्या टोकाशी असलेल्या बारीक वाटेने पाणी बाहेर ढकललं जातं. म्हणजे आयुष्यभर ज्याला दवबिंदू समजून मी हळवी होत आले, तो गवताचा घाम म्हणावा असा निघाला. मला दोन दिवस वाईट वाटलं. मग नाही वाटलं. गवत रात्रभर आपलं आपलं काहीतरी करत असतं, हे दवापेक्षा भारी आहे.

मधमाशीतही तशीच फजिती झाली. पिवळे-काळे पट्टे, फुलावर बसलेली, आणखी काय पाहिजे? ‘पंख मोजा,’ मुंगीकाका म्हणाले. मोजले. दोन. मधमाशीला चार असतात. ही मधमाशीचे पट्टे पांघरून फिरणारी साधी माशी होती. माश्यांच्या पंखांची मागची जोडी आखडून दोन बारीक गुंड्या झालेल्या असतात, उडताना तोल सांभाळायला त्या कामी येतात. पक्ष्यांनी नांगीला भिऊन दूर राहावं म्हणून तिने हे सोंग घेतलेलं. पक्षी फसत असतील-नसतील, मी फसले.

आता चोरीबद्दल सांगते. एका गुरुवारी कामाने पिट्टा पडला होता. रात्री अकरा वाजता आठवलं, रतीब राहिला. फोनमध्ये सोमवारची जास्वंदीची कळी होती, पाकळ्यांची वळकटी केलेली, फार देखणी. दिली टाकून. ‘आजची कळी.’

पाच मिनिटांत ढगताईंनी विचारलं, ‘मंगळवारी हीच कळी उमललेली दाखवलीत ना? परत मिटली का हो?’

जास्वंदीचं फूल साधारण एका दिवसाचं. संध्याकाळी मिटतं, मान टाकतं, पण पुन्हा कळी काही होत नाही. मी म्हटलं, दुसरी असेल, झाडावर काय एकच कळी असते? त्यावर ताईंनी माझेच दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावून पाठवले. दोन्हींत कळीमागे तेच पान. तेच माझं लाडकं भोकाचं पान. मंगळवारच्या फोटोत भोक हरभऱ्याएवढं, आणि माझ्या ‘आजच्या’ फोटोत मुगाएवढं. ताईंनी खाली लिहिलं होतं, ‘पानं वाढतात हो, पण भोकं बुजत नाहीत.’

बारा वाजायला वीस मिनिटं होती. कबुली दिली, बाहेर गेले आणि अंधाराचा फोटो काढून पाठवला. नुसता काळा चौकोन. त्या काळ्या चौकोनाला मिळालेला ‘वा!’ मात्र खरा होता, असं मला अजून वाटतं.

पौर्णिमेला सगळ्यांचा रतीब एकच असतो आणि बहुतेकांचा बिघडतो. डोळ्यांना एवढा मोठा दिसणारा चंद्र फोटोत पांढरी टिकली होऊन बसतो. एक तर तो मुळातच लहान आहे, हात लांब करून करंगळी धरली तर नखाआड जातो. त्यात फोन बघतो तो भोवतालचा अंधार. बिचारा सगळं उजळायला जातो आणि चंद्राची राख होते. मास्तरांनी एकदा कॅमेरावाल्यांना समजावलं, ‘रात्र तुमच्याकडे आहे, चंद्रावर भर उन्हाचा दिवस आहे. उन्हातल्या दगडाचा फोटो काढतोय असं समजा.’ भिंगाचं छिद्र एफ ११, आयएसओ म्हणजे प्रकाशाची संवेदनक्षमता १००, शटर सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग. आकडे मी विसरते, पण उन्हातला दगड विसरत नाही.

गटात दक्षिण गोलार्धातली एक मुलगी आहे. तिने पहिल्यांदा पौर्णिमेचा चंद्र टाकला तेव्हा दोघा-तिघांनी काळजीने कळवलं की फोटो उलटा पडलाय. ससा डोक्यावर उभा होता. ती म्हणाली, ‘आमच्याकडे तो असाच असतो.’ बरोबरच आहे. पृथ्वीच्या गोळ्यावर ती आमच्या मानाने उलटी उभी, तर तिला चंद्रही उलटाच दिसणार. तिच्या मते डोक्यावर उभे आम्हीच. त्या रात्री गटावर आठ ससे सरळ आणि एक उलटा होता. मी ते नऊही फोटो जपून ठेवलेत, कॅमेऱ्याच्या दृष्टीने त्यांतले सात टाकाऊ असले तरी.

एका गोष्टीवर मात्र आमचं कडाक्याचं भांडण झालं. कुणीतरी घरट्यातल्या पिल्लांचा फोटो टाकला, अगदी जवळून. पिल्लांनी चोची वासलेल्या. बहुतेकांना गहिवरून आलं. मुंगीकाका मात्र बिथरले. पिल्लू माणूस पाहून चोच वासत नाही, फांदी हलली की आईच आली असं वाटून वासतं. आणि इतक्या जवळ माणूस उभा असताना आई येणार कशी? वर मूळ फाइल जशीच्या तशी पाठवली तर तारीख-वेळेसोबत जागेचे अक्षांश-रेखांशही तिच्यात जाऊ शकतात, म्हणजे घरट्याचा पत्ताच हातात. दोघे जण रागावून गट सोडून गेले. तिसरा नियम तेव्हा झाला. घरटी नाहीत. मला तो पहिल्या दोन नियमांपेक्षा जास्त पटतो.

ढगताई रोज ढगच का टाकतात, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं, जरा खवचटपणे. त्यांनी मला एक हकीकत सांगितली. २००६ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात कुणीतरी खिडकीतून एका विचित्र ढगाचा फोटो काढला. समुद्राखालून वर पाहिल्यावर लाटा दिसाव्यात तसं खवळलेलं आभाळ. तो फोटो ढगांच्या हौशी मंडळींच्या एका संस्थेकडे गेला. हे काय आहे ते कुणालाच ओळखता येईना. मग जगभरातून लोक तसलेच फोटो पाठवू लागले. मंडळींनी लावून धरलं आणि २०१७ साली जागतिक हवामान संघटनेने आपल्या ढगांच्या अधिकृत सूचीत त्याला जागा दिली. नाव ‘अ‍ॅस्पेरिटास’, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ खडबडीतपणा. खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या हौशी माणसांनी एका ढगाचं बारसं केलं. ‘आता कळलं, मी मान खाली का घालत नाही?’ ताई म्हणाल्या. मी गप्प बसले.

घरचे विचारतात, रोज रोज तेच काढून मिळतं काय? त्यांना मी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या जेरिको गावच्या विल्सन बेंटलीचं नाव सांगते. शेतकरी माणूस. १५ जानेवारी १८८५ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो काढला. मग दर हिवाळ्यात थंडगार छपरीत श्वास रोखून तेच. कण वितळायच्या आत. १९३१ साली तो गेला तोवर पाच हजारांहून जास्त हिमकण काचेवर जमा झाले होते. ही हकीकत ऐकून घरचे म्हणतात, ‘त्याच्याकडे पाच हजार हिमकण होते, तुझ्याकडे एकच भोकाचं पान.’ यावर मला उत्तर सुचत नाही. ते पान आता गळूनही गेलं. तोपर्यंतचे एकेचाळीस फोटो ओळीने लावून पाहिले तर भोक चंद्राच्या कलांसारखं वाढत जातं, आणि शेवटच्या फोटोत नुसता देठ उरतो. सुरवंट एकाही फोटोत नाही. एकेचाळीस दिवस आम्ही दोघं एका कुंडीत जेवढी जवळ असू शकतो तेवढी जवळ होतो, आणि भेट नाही.

काल रात्री पुन्हा तीच वेळ आली. साडेअकरा, अंगात कणकण, फोटो नाही. चोरी करायची सोय आता राहिलेली नाही. दिवा मालवायला उठले तर खिडकीच्या काचेला बाहेरून एक पतंग चिकटलेला. आपण पतंग पाहतो ते पाठीकडून, तपकिरी, धुळकट. हा काचेमुळे पोटाकडून दिसत होता. पांढरंशुभ्र पोट, सहा पाय जिथल्या तिथे, मिशा पिसासारख्या दुतर्फा फाटलेल्या, आणि पंखांच्या खालच्या अंगाला वरून कधी दिसला नसता असा फिकट केशरी रंग. काचेवर बोटांचे ठसे होते, ते पुसायला गेले असते तर तो उडाला असता. ठशांसकट काढला. अकरा एक्केचाळीसला पाठवला.

मास्तरांनी मिशांवरून नर असणार म्हणून सांगितलं. दक्षिणेकडच्या मुलीची पहाट झाली होती, तिने केशरी रंगाबद्दल विचारलं. मग मुंगीकाका उगवले. एवढ्या रात्री ते जागे असतील असं वाटलं नव्हतं.

‘डाव्या हाताला खाली, चौकटीच्या फटीत. नीट बघा.’

फोटो मोठा करून करून पाहिला. खरंच होती.