गरम झाल्यावरच रुसणारा कॅम सेन्सर

सकाळी सेल्फ लागताच सुरू होणारी गाडी दुपारी रेल्वेखालच्या अलकापुरी गरनाळ्याच्या गर्दीतून आणून दहा मिनिटं उभी केली, की पुढच्या वेळी सहा-सात सेकंद सेल्फ मारावा लागायचा. मे महिना, बडोद्यात ४२ अंश, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. गाडी १.२ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर. एकदा सुरू झाली की पिकअप ठीक, मिसिंग नाही. चेक इंजिनचा पिवळा दिवा मात्र कधी लागायचा, कधी दोन दिवसांनी आपोआप जायचा.

स्टिअरिंगखालच्या सॉकेटला ब्लूटूथ स्कॅनर लावला. कोड आला पी ०३४०. कोपऱ्यावरच्या फिटरभाईंनी नंबर ऐकताच निकाल दिला, "सेन्सर ज बदली नाखो ने!" (सेन्सरच बदलून टाका ना!) पण हा कोड कॅम सेन्सरच्या, म्हणजे कॅमशाफ्टची स्थिती सांगणाऱ्या सेन्सरच्या, सर्किटचा आहे. सर्किटमध्ये वायर, कनेक्टर, अर्थ (अर्थिंग) आणि ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरसुद्धा येतो. नुसता कोड बघून सेन्सर आणला आणि आजार वायरीत निघाला, तर पैसे गेले आणि दिवा तसाच.

सेल्फ का लांबतो, हे आधी समजून घ्यावं. व्हॉल्व्ह उघडणारा कॅम हा पिस्टनला जोडलेल्या क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. चार स्ट्रोकमध्ये पिस्टन दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्टला. क्रँक सेन्सरला ही दोन्ही वरची टोकं सारखीच दिसतात. आत्ताचं कोणतं, हे कॅम सेन्सर सांगतो. त्याचा सिग्नल नसला की ईसीयू चाचपडत बसतो. एकदा ताळमेळ जमला की बऱ्याच गाड्या नुसत्या क्रँकच्या सिग्नलवर चालत राहतात. म्हणून चालती गाडी अचानक बंद पडत असेल, तर आधी क्रँक सेन्सरवर संशय घ्या. त्याचा कोड पी ०३३५.

पहिली तपासणी बॅटरीची. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल, तर कमजोर बॅटरीमुळेही असले कोड पडू शकतात. इथं १०.४ मिळाले, म्हणजे बॅटरीवरचा संशय गेला.

मग कनेक्टर. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी सोसायटीत शिरलं, तेव्हा ही गाडी बॉनेटच्या कडेपर्यंत पाण्यात होती, त्यामुळे माझा खरा संशय इथंच होता. एका पिनेवर हिरवा गंज निघालाही. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, मऊ ब्रशनं घासून, कोड पुसून गाडी चालवली. तीन दिवसांनी पी ०३४० परत हजर.

सेन्सर हॉल इफेक्टचा, तीन वायरींचा: सप्लाय, अर्थ आणि सिग्नल. मल्टिमीटर ओहमवर लावून असा सेन्सर तपासता येत नाही. आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं आणि आकडा काहीही येतो. कनेक्टर जोडलेलाच ठेवून मागून बारीक टाचणी घातली आणि चावी ऑन केली. सप्लायला ५.०२ व्होल्ट. काही गाड्यांत इथं १२ येतात, तेव्हा आपल्या गाडीचा वायरिंग डायग्राम बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. अर्थ तपासताना एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरा सेन्सरच्या अर्थ पिनेला, फरक ०.१ व्होल्टपेक्षा कमी हवा. सेल्फ मारतानाही ०.०३ च होता. वायर निर्दोष.

सिग्नलसाठी प्लग काढले, कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर सोडवले, गाडी न्यूट्रलला घेतली आणि क्रँक पुलीच्या बोल्टला सॉकेट लावून इंजिन हळूहळू फिरवलं. फिरवायचं ते इंजिनच्या नेहमीच्या दिशेनंच. मीटर ० वरून ५ वर आणि परत ० वर उडी मारत होता, म्हणजे थंड सेन्सर ठणठणीत! दोन वायरींच्या मॅग्नेटिक सेन्सरवर हे दिसत नाही, इंजिन वेगानं फिरलं तरच तो काही दाखवतो. म्हणजे थंड सेन्सर ठणठणीत!

आता हेअर ड्रायर. सेन्सरच्या अंगावर सहा मिनिटं गरम हवा सोडली आणि पुन्हा पुली फिरवली. काटकोनात पाना फिरला, मग आणखी अर्धा फेरा, पूर्ण दोन फेरे झाले, मीटर ४.९८ वर खिळलेला. ओला फडका गुंडाळून पाच मिनिटं थांबलो, परत ० आणि ५. आतला जोड तापून फुगला की सुटतो आणि निवला की टेकतो, असं हे दुखणं. वर्कशॉपमध्ये गाडी तासभर उभी राहून निवते आणि "काही फॉल्ट नाही" म्हणून परत येते, त्याचं कारण हेच.

बदलायचं काम वीस मिनिटांचं. बॅटरीचं निगेटिव्ह काढा, एअर फिल्टरचा पाइप बाजूला घ्या. कनेक्टरचं लॉक उन्हानं कडक झालेलं असतं, दाबून ओढा, नाहीतर तुटतं. बोल्ट एकच, दहाच्या पान्याचा. सेन्सर स्क्रूड्रायव्हरनं उचकटू नका, अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथून ऑइल झिरपतं. हातानं डावं-उजवं फिरवत सोडवा. जुन्या ओ-रिंगचा तुकडा भोकात राहिलाय का, ते टॉर्चनं बघा आणि फडक्यानं भोक पुसा, कचरा आत जाऊ देऊ नका. नव्या ओ-रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावा. सेन्सर पूर्ण बसल्यावरच बोल्ट. ८ ते १० न्यूटन-मीटर, म्हणजे नुसता मनगटाचा जोर. बोल्ट ओढून सेन्सर आत बसवायला गेलात तर त्याचा कान तुटतो.

दुकानात लोकल माल ४५० ला होता, कंपनीचा १,४५० ला. दोन्ही जुन्याशेजारी ठेवून व्हर्नियर लावला: फ्लँजपासून टोकापर्यंत लोकल ०.८ मिलिमीटर आखूड. एवढ्यानं कॅमच्या दातापासूनचं अंतर वाढतं आणि सिग्नल अधूनमधून गळतो. इथं हजार रुपये वाचवण्यात अर्थ नव्हता.

सोडवलेले सगळे कनेक्टर जोडून कोड पुसले आणि गाडी मुद्दाम दुपारी दोनला फिरवून बंद केली. दहा मिनिटांनी एका सेल्फमध्ये सुरू. नवा सेन्सर घालूनही कॅमच्या सिग्नलचा पी ०३४१ किंवा कॅम-क्रँकच्या ताळमेळाचा पी ००१६ येत राहिला, तर तिसरा सेन्सर आणू नका. क्रँकवरून कॅम फिरवणारी टाइमिंग चेन लांबली असेल किंवा दात सरकला असेल. दोन दिवसांनी ऑइल झिरपतंय का, ते सेन्सरच्या बुडाशी टिश्यू पेपर फिरवून बघितलं. टिश्यू कोरडा होता.