पारा पुढं सरकेना

परवा दुपारी आठवीच्या वर्गात पाणी उकळत ठेवलं होतं. स्पिरिटचा दिवा, चंचुपात्र, स्टँडला टांगलेला थर्मामीटर. पाणी खदखदू लागलं आणि पारा 97 च्या जरा वर जाऊन थांबला तो थांबलाच. "सर, पुढं सरकंना झालंय की ओ," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. तोवर मागच्या बाकावरच्या तिघांनी वहीत 100 लिहून खाली दुहेरी रेघसुद्धा मारली होती.

त्या दुहेरी रेघेवर माझा जुना राग आहे. समोर पारा दिसतोय, तरी पोरं पुस्तकातलाच आकडा लिहिणार. "थर्मामीटर बिघडलाय बघा," असं कुणी म्हटलं तर मात्र मला तो पोरगा आवडतो. गेटबाहेरच्या गोळेवाल्याकडून बर्फ आणवला. थर्मामीटर निवल्यावर वितळत्या बर्फात धरला. बरोबर शून्य. म्हणजे बिचारा खरं बोलत होता. मग फळ्यावर एवढंच लिहिलं: बेळगावची उंची साधारण 750 मीटर, आणि दर 300 मीटरला उत्कलनांक जवळपास एका अंशाने उतरतो. पुढचा हिशोब पोरांनी केला.

"मग पेपरात काय लिहू, सर?"

"100 लिही. अलीकडं 'समुद्रसपाटीला' एवढा शब्द घाल. कागद काय संपत नाही."

वेंगुर्ल्याची आत्या आठवली. आंबोली घाट चढून आली की दुसऱ्या दिवशी चुलीपुढं तिची कुरकुर सुरू. तुमच्याकडं तुरीची डाळ शिजतच नाही, पाणीच वाईट. आई म्हणायची, डाळच जुनी असेल. दोघी डाव घेऊन पातेल्यावर वाकलेल्या, आणि डाळ आपली टणक. पुढं घरात कुकर आला, आतलं पाणी 120 अंशांपर्यंत तापायला लागलं आणि वाद मिटला. आत्याला मी उंचीचं कारण नंतर सांगितलं होतं. ती म्हणाली, असेल बाबा, पण पाणी पण वाईटच. विहिरीचं पाणी जड होतं, त्यामुळं तिचंही काही खोटं नव्हतं.

डोळ्यांनी बघण्याचा नाद कधी लागला म्हणाल, तर 16 फेब्रुवारी 1980. हुबळीकडं खग्रास ग्रहण, आमच्याकडं खंडग्रास, पण भलतंच मोठं. आजीनं दुपारीच दारं-खिडक्या लावून घेतल्या, पिण्याच्या पाण्यात तुळशीची पानं टाकली आणि मला भिंतीकडं तोंड करून बसवलं. घर कौलारू. फटींतून सारवलेल्या जमिनीवर कवडसे पडायचे, रोज लांबट गोल. त्या दुपारी ते बारीक होत होत कोरी झाले. जमिनीवर कोरी, उखळावर कोरी, जप करणाऱ्या आजीच्या पाठीवर तीन-चार कोरी. ग्रहण दिसू नये म्हणून जिथं कोंडलं, तिथंच ते सांडलं होतं. मी गप्प बसलो. बोललो असतो तर तिनं सगळ्यांवर पोतं अंथरलं असतं, आणि आधी माझ्यावर. असं का झालं ते कळायला कॉलेज उजाडावं लागलं, पण त्यानं काही बिघडलं नाही.

यामुळंच मी विज्ञान शिक्षक झालो, असं निवृत्तीच्या समारंभात सांगायला झकास आहे. खरं म्हणजे बी.एस्सी. झाल्यावर उद्यमबागच्या फाउंड्र्यांत कुणी उभं करून घेईना, आणि मामा म्हणाले, बी.एड. करून टाक.

आता पद्धत म्हणाल तर पुस्तकात आहे ते आधी इथं मोजायचं, एवढीच. बारा वाजता सूर्य माथ्यावर, असं पोरं बिनधास्त म्हणतात. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं, बेळगाव साडेचौऱ्याहत्तरच्या आसपास. म्हणजे घड्याळापेक्षा सूर्य अर्धा तास मागं. मैदानात काठी रोवून सावली मोजली की पोरांना स्वतःलाच ते सापडतं, मग तास संपला तरी हलत नाहीत.

फक्त शून्य सावलीनं मला कायम हुलकावणी दिली आहे. सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनदा, 3 मे आणि 9 ऑगस्टच्या सुमारास. मे महिन्यात शाळेला सुट्टी. ऑगस्टमध्ये बेळगावात सूर्य कुणी बघितलाय? शिक्षण खात्याला कळवावं तर कुणाला कळवायचं, सूर्याची बदली काही त्यांच्या हातात नाही. म्हणून मेमध्ये मी एकटाच बाटली घेऊन मैदानावर जातो. क्रिकेट खेळणारी पोरं साडेबाराला दोन मिनिटं थांबतात, बाटलीच्या बुडाशी बघतात, "खरंच की," म्हणतात आणि पुढची ओव्हर टाकतात.

बायको म्हणते, टोपी तरी घालून जा. टोपी घातली तर पायाशी सावली पडते, हे तिला दरवर्षी सांगतो.