नाकासमोर न धावणारा

बाबांना सिडनी क्रिकेट ग्राउंड बघायचं होतं ते सचिनच्या २४१ साठी. जानेवारी २००४. तो डाव त्यांना तोंडपाठ आहे; सचिनने त्यात कव्हर ड्राइव्ह कसा वर्ज्य केला हे ते अजूनही एकादशीच्या उपासासारखं सांगतात. पण ते आमच्याकडे आले २०१७ च्या ऑगस्टात, आणि ऑगस्टात त्या मैदानावर क्रिकेट नसतं. फुटी असते, म्हणजे ऑस्ट्रेलियाचा आपला वेगळा फुटबॉल. म्हटलं, मैदान तर तेच आहे, चला.

बाबा रेल्वेत गार्ड होते, मिरजेला. अंगात स्वेटर, गळ्यात मफलर, खिशात आईने दिलेली आलेपाकाची पुडी अशा तयारीने ते बसले आणि पहिल्यांदा त्यांना कुणी आवडलं असेल तर गोलपंच. गोल झाला की हा माणूस दोन्ही हातांत पांढरे बावटे घेऊन फडकवतो. "आपला माणूस," बाबा म्हणाले.

खेळ मी त्यांना थोडक्यात सांगितला. चेंडू अंडाकृती, मैदानही अंडाकृती. दोन्ही टोकांना चार-चार खांब. लाथाडलेला चेंडू मधल्या दोन खांबांतून गेला तर ६ गुण, कडेच्या फटीतून गेला तर १. नेम चुकल्याबद्दलही काहीतरी पदरात टाकणारा हा खेळ मला त्या एका गुणासाठीच पहिल्यांदा आवडला होता. आणि सोबत्याने निदान १५ मीटरवरून मारलेला चेंडू हवेत स्वच्छ झेलला, तर सगळे थांबतात. झेलणाऱ्याला निवांत नेम धरून मारता येतं. समोर, झेल घेतला त्या जागी, प्रतिस्पर्धी उभा. मागे जायचं, गोलाकडे बघायचं, सरळ रेषेत पावलं टाकत यायचं आणि मारायचं. शाळेतल्या पोरांना हेच शिकवतात. सरळ ये.

२३ नंबरच्या उंच माणसाने झेल घेतला, मागे गेला आणि तिरका सुटला. सुरुवात गोलाकडे तोंड करून, मग डावीकडे भलामोठा वळसा, आणि त्या वळशातूनच डाव्या पायाची लाथ. दोन बावटे.

"हा सरळ का येत नाही?" बाबांनी विचारलं.

सिडनी संघाचा लान्स फ्रँकलिन. सगळा देश त्याला बडी म्हणतो. त्याच्या या वळशावर इथे वर्षानुवर्षं वाद झाले. रेषा सोडली की पंचांनी 'चला, खेळ सुरू' म्हणायचं आणि समोरच्याला अंगावर धावून जायची मोकळीक द्यायची, असा नियम. पण बडीचं वळण जन्मजात आहे असं मानून पंच त्याला जरा सूट द्यायचे. इतर संघांचे पाठीराखे त्यावरून धुसफुसायचे. त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही.

आमच्या घरात 'नाकासमोर चालावं' हे वाक्य मीठ-मोहरीइतकं नेहमीचं. त्यामुळे बाबा आता उपदेश करणार असं मला वाटलं. पण ते पुढे वाकून बघत होते. "कर्व्हवर गाडीचा वेग कमी करावा लागतो," म्हणाले, "हा वाढवतोय." त्या दिवशी कार्ल्टनविरुद्ध बडीने १० गोल मारले. बाबा बोटांवर मोजत होते. दोन्ही हात संपले. परतताना ट्रेनमध्ये एवढंच बोलले, "सचिनने याच मैदानात आपला आवडता फटका सोडला. हा सोडत नाही."

माझ्या ऑफिसात मेलबर्नहून आलेला एक सहकारी आहे, तिथल्या हॉथॉर्न संघाचा पक्का पाठीराखा. चॉकलेटी-पिवळा स्कार्फ उन्हाळ्यातही खुर्चीवर. बडी मूळचा त्यांचा. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या डाउरिन नावाच्या छोट्या गावात वाढलेला, नूंगार या तिथल्या आदिवासी समाजाचा मुलगा. हॉथॉर्नने त्याला २००४ मध्ये निवडलं. २००८ मध्ये, एकविसाव्या वर्षी, त्याने एका मोसमात ११३ गोल मारले आणि विजेतेपद आणून दिलं. त्यानंतर मोसमात शंभरी कुणालाच गाठता आलेली नाही. २०१३ मध्ये दुसरं विजेतेपद, आणि गुलाल अंगावरून उतरायच्या आत बातमी: बडी सिडनीला चालला, नऊ वर्षांचा करार, सुमारे १ कोटी डॉलर. पोटचा पोरगा श्रीमंताघरी घरजावई गेल्यावर घरात जी शांतता पसरते तशी, म्हणे, त्यांच्याकडे पसरली. हा सहकारी मग बडीचं नावच घेईना. 'तुमचा तो' म्हणायचा. पुढच्याच वर्षी अंतिम सामन्यात हॉथॉर्न विरुद्ध सिडनी झाली, हॉथॉर्न ६३ गुणांनी जिंकली. त्या आठवड्यात मात्र 'तुमचा तो' हे शब्द जरा जास्तच वेळा ऐकू आले. जावयाने सासरच्यांना विजेतेपद काही मिळवून दिलं नाही. २०१४, २०१६, २०२२, तीन अंतिम सामने खेळला, तिन्ही हरला.

पण २५ मार्च २०२२ ची रात्र त्याने दिली. जिलाँगविरुद्ध, याच मैदानात, बडीचा हजारावा गोल. त्याआधी फक्त पाच जण तिथवर पोचले होते, शेवटचा १९९६ मध्ये. अशा गोलानंतर प्रेक्षकांनी मैदानात धाव घ्यायची ही जुनी रीत. मी रेल्वेवाल्याचा मुलगा. प्लॅटफॉर्म तिकिटाशिवाय फलाटावर कधी पाय ठेवलेला नाही. शेवटच्या सत्रात त्याने चेंडू झेलला, मागे गेला, वळसा घेतला, मारला. तो चेंडू हवेत असतानाच माझी मुलगी कठडा ओलांडून गेली होती आणि तिच्यामागे मीही. दोन वर्षं दीड-दीड मीटरचं अंतर मोजत जगलेली माणसं एकमेकांच्या खांद्यांवर पडत होती. माझा चष्मा कुणीतरी पायाखाली जाण्याआधी उचलून माझ्या नाकावर ठेवला; तो कोण, मला दिसलंच नाही. खेळ अर्धा तास तरी थांबला. गवत ओलं होतं हे घरी आल्यावर मोज्यांवरून कळलं.

नऊ वर्षांचा करार हा पुरा करणार नाही असं तेव्हा सगळे शहाणे म्हणाले होते. त्याने पुरा केला, वर एक वर्ष खेळला. आणि २०२३ च्या जुलैअखेरीस एसेन्डनविरुद्ध पोटरी दुखावली. सोमवारी बातमी आली: बडी थांबला. ३५४ सामने, १०६६ गोल. ठरवून खेळलेला निरोपाचा सामना नाही.

आमच्याकडे निवृत्तीची तारीख नोकरीला लागतानाच सेवापुस्तकात लिहिलेली असते. बाबांच्या शेवटच्या गाडीच्या इंजिनाला झेंडूच्या माळा होत्या, फलाटावर शाल-श्रीफळ होतं, एका साहेबांचं लांबलेलं भाषण होतं. सचिनलाही वानखेडे मिळालं. बडीला मिळाली पोटरी.

त्या सोमवारी हॉथॉर्नवाल्या सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत मला हाक मारली. त्याच्या स्क्रीनवर २०१० चा एक गोल लागलेला: बडी सीमारेषेला खेटून धावतोय, मागे एसेन्डनचा बचावपटू फुफ्फुसं फाटेस्तोवर पळतोय आणि अंतर काही कमी होत नाहीये. आम्ही तो चार वेळा पाहिला. चौथ्या वेळी तो म्हणाला, "आमच्याकडे असताना मारलेला आहे, लक्षात ठेव." मग सँडविच तसंच ठेवून पाचव्यांदा लावला.

संध्याकाळी मिरजेला फोन केला. बाबांना बातमी सांगितली.

"निरोपसमारंभ?"

"नाही झाला."

"पेन्शन बसतं का त्यांना?"

"त्याचं बरं चाललंय, बाबा."

जरा वेळ पलीकडून मालगाडीचा आवाज ऐकू येत राहिला.

"आणि तो वाकडा धावायचा ते? केलं का कुणी सरळ त्याला?"

"नाही."

"मग ठीक," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.