निसान ३७०झेडला आफ्टरमार्केट एअर इनटेक: माझा अनुभव (कॅलिफोर्नियातल्यांनी जरूर वाचा)

माझ्याकडे २०१३ ची निसान ३७०झेड आहे, सहा गिअरची मॅन्युअल, सेकंड हँड घेतलेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहतो. गेल्या वर्षी तिला आफ्टरमार्केट इनटेक (म्हणजे इंजिनला हवा नेणारे पाईप आणि फिल्टर, कंपनीचे नाही, बाहेरचे) बसवला आणि तेव्हापासून दोन-तीन मराठी मित्रांनी एकच प्रश्न विचारला की "किती एचपी (हॉर्सपॉवर) वाढले रे?" त्याचं उत्तर पुढे देतोच पण माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्न पहिला नाहीच. पहिला प्रश्न कार्बच्या (कॅलिफोर्नियाच्या प्रदूषण नियंत्रण बोर्डाच्या) परवानगी नंबरचा आणि दुसरा आत जाणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरचा, म्हणून सगळं नीट लिहितोय.

आधी या गाडीबद्दल थोडं, कारण हिचा इनटेक इतर गाड्यांसारखा नाही. ३७०झेडचं ३.७ लिटरचं व्ही६ इंजिन, ३३२ हॉर्सपॉवर, ७५०० आरपीएमपर्यंत फिरतं, आणि याला सगळं डबल आहे. दोन एअरबॉक्स (फिल्टरचे डबे), दोन फिल्टर, दोन एअरफ्लो सेन्सर (मास एअर फ्लो, म्हणून सगळे माफ सेन्सर म्हणतात, मीही तेच म्हणतो), दोन थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपा). म्हणजे किट पण दोन बाजूंचं येतं आणि काम पण दोनदा करायचं, आणि दोन्ही बाजू सारख्या बसल्या पाहिजेत.

किट निवडायलाच माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. कॅलिफोर्नियात इंजिनच्या हवेच्या वाटेची मूळ रचना बदलली तर त्या पार्टला एअर रिसोर्सेस बोर्डाची म्हणजे कार्बची एक्झिक्युटिव्ह ऑर्डर म्हणजे लेखी मंजुरी लागते, सगळे नुसतं ईओ नंबर म्हणतात. हा नंबर तुमच्या गाडीच्या मॉडेलला आणि वर्षाला लागू असला पाहिजे, दुसऱ्या वर्षासाठी असलेला चालत नाही. आठ वर्षांपेक्षा जुन्या गाडीला दर दोन वर्षांनी स्मॉग चेक (प्रदूषण तपासणी) असतो आणि त्यात माणूस बॉनेट उघडून डोळ्यांनी बघतो. ईओ नसलेला इनटेक दिसला की गाडी नापास, मग धूर कितीही स्वच्छ असो. त्यात २०२१ च्या जुलैपासून इंजिन कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदललेलं आहे का तेही तपासतात, त्यामुळे "इनटेक लाव आणि ट्यून करून घे" (म्हणजे ते सॉफ्टवेअर बदलून घे) हा सल्ला इतर राज्यांत ठीक असेल, इथे बिनपरवान्याच्या ट्यूनवर पण गाडी अडकते. म्हणून माझी अट सरळ होती. ईओ नंबर पाहिजे आणि ट्यूनशिवाय चालणारं किट पाहिजे. ही चाळणी लावली की बाजारातली बरीच किटं आपोआप गळतात.

मग लांब पाईप की आखूड पाईप हा प्रश्न. लांब पाईपवाल्यात फिल्टर खाली बंपरच्या मागे जातात, हवा गार मिळते, पण बसवायला पुढचा बंपर काढावा लागतो आणि फिल्टर जमिनीच्या जवळ येतात. आमच्याकडे हिवाळ्यात पाऊस लागला की रस्त्याच्या कडेला पाण्याची तळी होतात आणि ही गाडी मुळातच खूप खाली आहे. फिल्टर पाण्यात बुडून इंजिनने पाणी ओढलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, संपला खेळ. मी आखूड पाईपवाला घेतला, मूळ एअरबॉक्सच्या जागीच फिल्टर बसतात. फिल्टर पण मुद्दाम कोरडे घेतले, तेल लावायचे नाही. तेल लावायच्या एअर फिल्टरला धुतल्यावर तेल जरा जास्त लागलं तर ते उडून माफ सेन्सरच्या तारेवर बसतं.

आता हा माफ सेन्सर नक्की करतो काय. आत एक बारीक तार असते, ती करंट देऊन गरम ठेवलेली असते. बशीतल्या चहावर फुंकर मारली की तो निवतो तसं हवा वाहिली की तार निवते, आणि तिला परत तेवढंच गरम ठेवायला किती करंट लागला त्यावरून कॉम्प्युटर ठरवतो की किती ग्रॅम हवा आत गेली आणि किती पेट्रोल द्यायचं. पण हा हिशोब मूळ पाईपच्या व्यासावर बांधलेला आहे. नवीन पाईप जिथे सेन्सर बसतो तिथे व्यासाला नुसता दोन टक्के मोठा असला तरी क्षेत्रफळ चार टक्के वाढतं, तेवढीच हवा तिथून सावकाश जाते, सेन्सरला ती कमी वाटते आणि पेट्रोल कमी पडतं. म्हणून ट्यूनशिवायच्या किटमध्ये सेन्सरची जागा कशी बनवलीय हे पाईपच्या चकाकीपेक्षा शंभरपट महत्त्वाचं.

काम सुरू करायच्या आधी मी एक गोष्ट केली आणि ती सगळ्यांनी करावी असं मला मनापासून वाटतं. ओबीडीचा (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचायच्या सॉकेटचा) ब्लूटूथ अडॅप्टर लावून फ्युएल ट्रिमचे आकडे लिहून ठेवले, आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू), हायवेवर, इंजिन पूर्ण गरम असताना. ट्रिम म्हणजे कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय. माझ्या गाडीचे जुन्या एअरबॉक्सवर दोन्ही बँकचे (व्ही६ मधल्या सिलिंडरच्या दोन रांगांचे) आकडे एक ते तीन टक्क्यांच्या आत होते. हे लिहून ठेवलं नसतं तर नंतरच्या आकड्यांना काही अर्थच नव्हता.

आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गाडीचं काम करायला परवानगी नाही, त्यामुळे शनिवारी सकाळी ट्रेसी गावात मित्राच्या गॅरेजमध्ये गेलो. मित्र मूळचा सांगलीचा, हाताला वळण आहे त्याच्या. बॅटरीची निगेटिव्ह काढली, वरचं प्लास्टिक कव्हर क्लिप उचकटून काढलं, १० नंबरचे बोल्ट खोलले, क्लॅम्प सैल केले आणि एअरबॉक्स बाहेर. लिहायला सोपं आहे पण बॉक्स बाहेर यायला जागा फार कमी आहे, वाकडा करून फिरवत फिरवत काढावा लागतो. थ्रॉटल बॉडी उघडी पडली की लगेच स्वच्छ फडकं कोंबा, एखादा नट आत पडला तर काय होईल ते सांगायला नको.

वेळ खाल्ला तो माफ सेन्सरच्या छोट्या स्टार स्क्रूंनी. दहा-बारा वर्षं कोणी हात लावलेला नाही, घट्ट बसलेले, आणि हे जपानी जेआयएस मापाचे असतात, साधा फिलिप्स ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, घसरतो आणि स्क्रूचं डोकं झिजवतो. मित्र म्हणाला "थांब, जोर लावू नको, माझ्याकडे जेआयएसचा आहे", आणि त्याने पाचव्या मिनिटाला चारही स्क्रू काढून हातात दिले. सेन्सर काढल्यावर फक्त माफ क्लीनरचाच स्प्रे मारायचा, ब्रेक क्लीनर किंवा कार्ब्युरेटर क्लीनर नाही, बोट तर लावायचंच नाही. परत बसवताना ओ-रिंग (रबराची सीलची रिंग) जागेवर आहे का ते बघा आणि सेन्सरवरचा बाण हवेच्या दिशेने म्हणजे इंजिनकडे पाहिजे.

बाकी पाईप, सिलिकॉनचे जोड, क्लॅम्प हे सगळं पटापट झालं. फक्त क्लॅम्प शेवटचे आवळायच्या आधी दोन्ही फिल्टर कुठे घासत नाहीत ना ते बॉनेट हळू बंद करून पाहिलं. बॅटरी परत जोडल्यावर या गाडीत खिडकीच्या काचांचं सेटिंग जातं, दार उघडताना काच जी थोडी खाली येते ती येत नाही, ते परत शिकवावं लागतं, काच पूर्ण खाली, मग पूर्ण वर करून बटण काही सेकंद ओढून धरायचं. घाबरू नका एवढंच.

गाडी सुरू झाली, आवाज मस्त, चेक इंजिन नाही. बरेच जण इथे थांबतात. मी ट्रिम बघितले तर आयडलला दोन्ही बँक अकरा-बारा टक्के प्लस! हायवेवर तेच तीन-चार टक्के. हा नमुना ओळखायला शिका. आरपीएम वाढल्यावर आकडा खाली येतो याचा अर्थ सेन्सरनंतर कुठून तरी न मोजलेली हवा आत येतेय, कारण गळती साधारण तेवढीच राहते पण आयडलला एकूण हवाच कमी असते म्हणून तिथे तिचा वाटा मोठा दिसतो. पाईपच मोठा असता तर आकडा सगळीकडे वर राहिला असता. क्लॅम्प सगळे परत तपासले, ठीक होते. शेवटी सापडलं ते क्रँककेसच्या (इंजिनच्या खालच्या पोकळीच्या) ब्रीदर होजमध्ये, व्हॉल्व्ह कव्हरवरून इनटेक पाईपला येणारी रबरी नळी. इतक्या वर्षांच्या उष्णतेने रबर कडक झालेलं, जुन्या नळकांडीवर घट्ट होतं पण नवीन पाईपच्या नळकांडीवर नीट धरत नव्हतं, बोटाने फिरवली की फिरायची. दोन्ही बाजूंच्या नळ्या नव्या घातल्या, थोड्या डॉलरचं काम, आणि आठवड्याभरात ट्रिम तीन ते पाचवर स्थिरावले. तसेच सोडले असते तर कधीतरी पी०१७१ आणि पी०१७४ हे लीनचे (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) कोड आले असते आणि लोकांनी किटला दोष दिला असता.

आता एचपी. मी डायनोवर (ताकद मोजायच्या मशीनवर) नेली नाही त्यामुळे आकडा सांगणार नाही. जाणवतं ते असं, पाच हजारच्या वर इंजिन जास्त मोकळं वाटतं आणि आवाज, तो मात्र खरंच अप्रतिम आहे, थ्रॉटल दाबला की हवा ओढल्याचा खोल आवाज येतो जो मूळ बॉक्स दाबून टाकायचा. ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की आत येणाऱ्या हवेचं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच वर जातं, आणि हवा १० अंश सेल्सिअसने तापली की घनता जवळपास तीन टक्क्यांनी कमी होते, म्हणजे ८८० हायवेच्या ट्रॅफिकमध्ये अडकून पडलात तर हा इनटेक मूळ बॉक्सपेक्षा वाईटच. हायवेवर वेग घेतला की दोन-तीन मिनिटांत ठीक होतं.

स्मॉग चेक चार महिन्यांनी आला. एक लक्षात ठेवा, बॅटरी काढली की ओबीडीचे मॉनिटर (कॉम्प्युटर स्वतः करतो त्या चाचण्या) शून्यावर जातात, आणि २००० नंतरच्या पेट्रोल गाडीत फक्त इव्हॅपचा (पेट्रोलच्या वाफेचा) एक अपुरा असला तर चालतो, बाकी सगळे पूर्ण लागतात. म्हणून स्मॉगच्या आदल्या दिवशी असलं काम काढू नका, आधी थोडे दिवस शहरात आणि हायवेवर गाडी चालवा. ईओचं स्टिकर मी बॉनेट उघडल्यावर समोर दिसेल असं चिकटवलं होतं. स्मॉगवाल्याने दोन्ही फिल्टर बघितले, स्टिकरवरचा नंबर त्याच्या कॉम्प्युटरवर तपासला आणि पास करून टाकलं.

जुने एअरबॉक्स मी फिल्टरसकट बॉक्समध्ये भरून ठेवलेत, विकू नका, गाडी दुसऱ्याला देताना सगळ्यांनाच इनटेक नको असतो. आणि उन्हाळ्यात वणव्यांची राख उडायला लागली की फिल्टर ठरल्या वेळेच्या आधीच उघडून बघा, माझे ऑगस्टमध्येच राखाडी झाले होते.